टाकी हुंगणारे मास्तर

"झालं ना मास्तर? आता तेवढं हुंगून टाका," दातांचे डॉक्टर म्हणाले, आणि गाडीखाली पडलेल्या मास्तरांनी आधीच आवळलेला बोल्ट पुन्हा आवळायला घेतला.

गाडी लाल, बुटकी, दोन माणसांची. आत बसायचं तर आधी लोळावं लागे. तिची जुनी टाकी एवढीशी, की डॉक्टरांचा निम्मा प्रवास पेट्रोलपंप शोधण्यात जाई. आता डिकीत दुप्पट मोठी ॲल्युमिनियमची टाकी बसली होती: खाली रबर, वरून दोन पोलादी पट्टे, नवा पाइप, नव्या क्लिपा. काठोकाठ भरलीही होती. उरलं होतं फक्त मास्तरांचं नाक.

चाळीस वर्षं हीच रीत. टाकी बसवायची, भरायची, गॅरेजचं दार ओढून घ्यायचं आणि पाव तासाने मास्तरांनी आत जाऊन हुंगायचं. ते "जा" म्हणाले की गाडी जायची. इतर मेकॅनिकही त्यांच्याकडून हुंगवून नेत. एकदा त्यांनी रस्त्यात एका वकिलाला थांबवून गाडी गळतेय म्हणून सांगितलं. वकिलाने पुरावा मागितला. तो पुढच्याच चौकात मिळाला.

पण गेल्या तापात ते नाक गेलं. म्हणजे जागेवर होतं, कामावर नव्हतं. तीन महिने मास्तरांनी कुणाला कळू दिलं नाही. टाक्यांची कामं सबबी सांगून परतवली. डॉक्टर मात्र जुने, त्यांना नाही म्हणवेना. आणि डॉक्टर आत्ता लगेच निघणार होते, शेजारी लेकीला बसवून.

मास्तर गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि गॅरेजच्या वरच राहणाऱ्या बायकोला हाक मारली. तिचं पेट्रोलच्या वासाशी लग्नापासूनचं वैर. त्यांच्या कपड्यांना वेगळी बादली होती, आणि दोनदा साबण लावल्याशिवाय ताटाला हात लावायची मुभा नव्हती.

ती आली. कशाला बोलावलं, विचारलं नाही. डिकीत वाकली, थांबली, मग खाली बसली.

"डावीकडे. पाइप शिरतो तिथे. थोडासाच आहे."

मास्तरांनी बॅटरी मारली. क्लिपेखाली टाचणीच्या टोकाएवढा ओलावा. त्यांनी क्लिप बदलली. तिने पुन्हा हुंगलं. "आता नाही."

आज हुंगायला वहिनी कशा काय, असं डॉक्टरांनी विचारलं. यांना सर्दी झालीय, ती म्हणाली.

"सर्दी नाही, डॉक्टर. नाक गेलंय," मास्तर म्हणाले. "तीन महिने झाले. यापुढे टाकी मी बसवीन, हुंगायला दुसरं कुणी बघा."

डॉक्टरांनी डिकी हलकेच लावली. मग वहिनींना नमस्कार करून लेकीला घेऊन निघाले.

गाडी वळेपर्यंत दोघं दारात उभी होती.

"तुला कधी कळलं?"

"दूध करपलं त्या दिवशी. तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होता."

मास्तरांनी हात पुसायचं फडकं हातात घोळवलं. मग म्हणाले, "अगं, कसा असतो तो वास? मला आठवतच नाही आता."

तिने विचार केला. "लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तुमच्या अंगाला यायचा, तसाच."

मास्तरांनी हातातलं फडकं नाकाशी नेलं, खोल श्वास घेतला आणि बरोबर आहे, अशी मान हलवली.