पितळी कडेची पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे. शिसवी लाकडाची, दोन हात लांब, एका बाजूला पितळेची कड. मित्रांनो, आपल्या गोष्टी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक गरीब आणि सोशिक असतात. झिजलेली चप्पल, फाटकी छत्री, तडा गेलेला फळा. त्यांची कीव येते. माझी कीव करू नका. मी सोसलेलं फार थोडं आहे, जे सोसलं ते दुसऱ्यांनी.

एका सुताराने मला एका बाइंडरसाठी बनवलं. पुस्तकं बांधणाऱ्याला अशी जड, सरळ पट्टी लागतेच. पुठ्ठा कापताना सुरी माझ्या पितळी कडेला टेकवून ओढायची. घडी बसवायची असली की माझा सपाट भाग कागदावरून दाबत न्यायचा. आणि काहीच काम नसलं की कागदाच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून मला ठेवायचं. बाइंडर मला रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसायचा. स्वतःच्या मुलांच्या डोक्यावरून त्याने तेवढ्या वेळा हात फिरवला नसेल.

मुलं दोन होती. थोरल्याला सगळे दादा म्हणत आणि मुलीला धाकटी. घर वर आणि कारखाना खाली. कारखाना म्हणजे एकच लांबट खोली, तिच्यात लांबच लांब टेबल, कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र आणि सगळीकडे चिकटवायच्या खळीचा आंबूस वास. दादाला त्या वासाने मळमळायचं. धाकटी मात्र शाळेतून आली की दप्तर जिन्यात टाकून थेट खाली यायची. तिला बाइंडरच व्हायचं होतं. बाबांनी कबूल केलं होतं, दहा वर्षांची झालीस की तुला तुझी स्वतःची सुई देईन. तेव्हा ती नऊ वर्षं आणि सात महिन्यांची होती. महिने मला ठाऊक आहेत, कारण ती ते रोज मोठ्याने मोजायची.

आता पुस्तक कसं बांधतात ते थोडं ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. छापलेला मोठा कागद दुमडला की सोळा पानांची जुडी होते. तिला फर्मा म्हणतात. बारा फर्मे असतील तर टेबलावर ओळीने बारा गठ्ठे लावायचे. मग टेबलाच्या एका टोकापासून चालत निघायचं, प्रत्येक गठ्ठ्यावरचा एक एक फर्मा उचलायचा, आणि दुसऱ्या टोकाला पोचलं की हातात अख्खं पुस्तक. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा छापलेला असतो. पण तो बघत बसायची बाबांची सक्त मनाई होती.

"डोळ्यांनी नाही, पायांनी वेचायचं," ते म्हणायचे. "गठ्ठे मी लावलेत ना? मग आकडा कशाला बघतेस? माझ्यावर विश्वास नाही?"

धाकटीचा विश्वास होता. तिचे पाय भिंगरीसारखे चालायचे.

एका रविवारी दुपारी मुलांच्या गोष्टींच्या एका पुस्तकाचे पाचशे संच वेचायचे होते. बाबांनी बारा गठ्ठे लावले, मला सहाव्या गठ्ठ्यावर ठेवलं आणि ते वर जेवायला गेले. धाकटी बोटं ओली करायला वाटीत पाणी आणायला गेली. खोलीत राहिला दादा. वय तेरा, हाताला काम नाही आणि जिवाला चैन नाही.

त्याने रद्दीचा चेंडू केला. मला उचललं आणि बॅटसारखं धरलं. मला आवडलं, खोटं कशाला बोलू? एवढ्या वर्षांत माझ्याशी कुणी खेळलं नव्हतं. तिसऱ्या फटक्याला त्याचा तोल गेला आणि माझं टोक गठ्ठ्यांना लागलं. सहावा आणि सातवा गठ्ठा जमिनीवर. जिन्यात बाबांची ढेकर ऐकू आली. दादाने घाईघाईने दोन्ही गठ्ठे उचलले, ठोकून सारखे केले, टेबलावर ठेवले आणि वर मला ठेवलं. सातवा सहाव्याच्या जागी आणि सहावा सातव्याच्या. त्याच्या लक्षात आलं होतं का? आलं होतं. वरच्या फर्म्यावरचा आकडा त्याने वाचलेला मी पाहिला. पण तोवर बाबा दारात होते.

धाकटी पाण्याची वाटी घेऊन आली आणि चालू लागली. पाचशे फेऱ्या. बाबा शेजाऱ्याला बोलावून दाखवत होते, "हिचा हात बघा. माझ्या म्हातारपणाची काळजी मिटली." दरवेळी ते एक प्रत उघडून तपासायचे. त्या दिवशी तपासली नाही. गठ्ठे त्यांनी स्वतः लावले होते ना.

पंधरा दिवसांनी पाचशेच्या पाचशे पुस्तकं परत आली. गोष्टीतला राजपुत्र आधी मेला होता आणि मग सोळा पानं घोड्यावर बसून हिंडत होता. प्रकाशकाचा माणूस दारात उभा राहून हसला आणि म्हणाला, "पुढचं काम दुसरीकडे दिलंय." बाबांना ते हसणं सहन झालं नाही.

"फर्मे कुणी वेचले?" त्यांनी विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली.

"आकडा दिसत नव्हता? डोळे फुटले होते?"

तुम्हीच बघायचं नाही म्हणाला होतात, असं ती म्हणू शकली असती. तिने हात पुढे केला. दादा दाबयंत्राजवळ उभा होता, त्याचं चाक धरून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी माझ्याच अंगाने पाहिलं. बाबांनी मला उचललं आणि घाईत उलटं धरलं. सपाट बाजू वर राहिली, पितळी कड खाली. पहिल्या फटक्याला ती ओरडली, दुसऱ्याला ओरडली नाही. तिसऱ्याला तिच्या अनामिकेतून बारीक आवाज आला, काडी मोडावी तसा. तो फक्त तिला आणि मला ऐकू आला.

आईने हळद लावून चिंधी बांधली. "मुका मार आहे, बरा होईल दोन दिवसांत," ती म्हणाली. दोन दिवसांत बरा झाला नाही. हाड वाकडंच जुळलं. त्या बोटाने सुई मागून रेटता येईना आणि दोरा ताणून धरता येईना. धाकटी दहा वर्षांची झाली त्या दिवशी बाबांनी सुई दादाला दिली. दादाने ती एका महिन्यात हरवली.

मित्रांनो, त्यानंतर घरात एक गंमत सुरू झाली. सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणून हिचं बोट आधीच वाकडं करून ठेवलंय, असं दादा म्हणायचा आणि सगळे हसायचे. धाकटीही हसायची. तिला वाटत होतं, चूक आपलीच. मोठी झाली, लग्न झालं, लेक झाली, तरी विकत आणलेलं प्रत्येक पुस्तक ती आधी पानांचे आकडे मोजून बघायची. मगच वाचायला घ्यायची.

पुढे कारखाना बंद झाला. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा दादाचं घर लहान पडलं, म्हणजे खोल्या पाच होत्या पण लहान पडलं. चार वर्षं धाकटीने त्यांना आपल्याकडे ठेवलं आणि त्याच हाताने घास भरवला. मी बाबांच्या उशाशी असायचे. एकदा त्यांनी तिचं बोट धरून ठेवलं. ती थांबली. मलाही वाटलं, आता बोलतील.

"हात जरा जड पडला माझा," बाबा म्हणाले. "पण चूक तुझी होती."

"हो बाबा," ती म्हणाली आणि पुढचा घास कालवला. दादा त्या दिवशी संत्री घेऊन आला होता. तो समोरच बसून एक सोलत होता.

बाबा गेल्यावर दादाने मोठेपणाने सांगितलं, "मला काही नको. फक्त ही पट्टी द्या. बाबांची आठवण." नातेवाइकांचे डोळे भरून आले. मला पॉलिश झालं, काचेची पेटी झाली, खाली पाटी लागली: 'बाबांची शिस्त'. सोळा वर्षं मी त्याच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर होते. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो सांगायचा, "हिनेच आम्हाला माणूस केलं." त्याने मला एकदाही पुसलं नाही, पुसलं ते मोलकरणीने.

दादा निवृत्त झाला तेव्हा त्याने सगळ्यांना दुपारी जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर नेहमीचा खेळ सुरू झाला. "धाकटे, बोट दाखव!" तिने दाखवलं. दादाच्या लहान नातीने विचारलं, "पण या आजीला का मारलं? तिने काय केलं होतं?"

दादा पोट धरून हसायला लागला. "अगं, तिने काहीच नव्हतं केलं! ते गठ्ठे मी पाडले होते, क्रिकेट खेळताना! आणि उलटे लावले. हिला काय, दिसला गठ्ठा की चालली!"

सगळी खोली हसली. धाकटीचं बोट अजून वरच होतं.

"तू?" तिने विचारलं.

"चल, आता कशाला ते! बावन्न वर्षं झाली."

"तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो असतो तर मला पडली असती ना!"

या उत्तरावर सगळ्यांत जास्त हशा पिकला. वहिनी डोळे पुसत म्हणाली, "वन्सं, तुम्ही पण ना! मनाला लावून घेऊ नका. हे असेच आहेत, लहान पोरासारखे." धाकटीने हळूच हात खाली घेतला आणि पदराखाली ठेवला. मग ती हसली. सगळ्यांच्या नंतर आणि सगळ्यांत थोडा वेळ.

दादाला भरून आलं. त्याने मला पेटीतून काढलं आणि तिच्या ओटीत ठेवलं. "आजपासून ही तुझी. खरा मान तुझाच." टाळ्या वाजल्या.

घरी आल्यावर तिने मला गुडघ्यावर घेऊन मोडायचा प्रयत्न केला. मी मोडले नाही. शिसव आहे, वर पितळ आहे. तिचाच गुडघा दुखावला. लेक म्हणाली, "आई, टाकून दे ना ती." धाकटी म्हणाली, "टाकायची कशाला? चांगली मजबूत आहे."

न्हाणीघरातली मोरी वरचेवर तुंबते. केस, साबणाचा गाळ, काय काय अडकतं. आता मी तिथे नळामागे उभी असते. पाणी साचलं की धाकटी मला त्या वाकड्या बोटाने घट्ट धरते आणि भोकात खुपसते. पॉलिश गेलं. पितळ हिरवं पडलं.

महिन्याभराने दादाचा फोन आला. मी दाराआडून ऐकत होते.

"पट्टी कुठे लावलीस? काचेत ठेव हो, नाहीतर खराब होईल."

"रोज वापरात आहे," धाकटी म्हणाली.

"वा! बाबांना किती बरं वाटलं असतं."

"हो ना," ती म्हणाली. "त्यांची आठवण काढल्याशिवाय हातात घेत नाही."

मित्रांनो, शेवटी आमच्यासारख्यांनी तुमच्याकडे काही मागायचं असतं. आम्हाला जपा, पुसा, कोरडं ठेवा. मला ते नको. कुणी मला जपून काचेत ठेवू लागलं तर त्याला विचारा, हिने कुणाला मारलं होतं? आणि गठ्ठे कुणी पाडले ते तुम्ही पाहिलं असेल, तर त्याच दिवशी सांगा. मला तोंड नव्हतं. दादाला होतं.

आज सकाळपासून पुन्हा पाणी साचलं आहे. पावलं ऐकू येत आहेत. लाकूड कुजायला लागलं की आधी टोक मऊ होतं म्हणतात. माझं अजून झालेलं नाही.