मेलेल्या बापाच्या भूमिकेतला फोटो

मी एक फोटो बोलतोय. काळ्या लाकडी चौकटीतला, काचेमागचा. कदाचित तुम्ही मला पाहिलंही असेल. हिंदी पिक्चरात हिरो तणतणत घरात येतो, भिंतीवरच्या बापाच्या फोटोपुढे उभा राहतो आणि बदल्याची शपथ घेतो ना? तो बाप म्हणजे मीच हो!

माझा जन्म नागपूरचा, सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओतला. आमचे प्रेमानंद पिक्चरात काम करायला मुंबईला निघाले होते. फोटोग्राफर सांगून सांगून थकला, पण गडी काही हसेना. मग बाजूला उभी असलेली त्यांची नवी नवरी सरिता म्हणाली, "हासा ना जी जरा! दात काढून घ्यायले बसले काय?" ते खुदकन हसले, आणि मी झालो.

मुंबईत त्यांना पहिलं काम मिळालं ते हिरोच्या बापाचं. हिरो लहान असतानाच, सुरुवातीलाच गोळी खायची आणि मोकळं व्हायचं. पुढच्या सीनसाठी भिंतीवर बापाचा फोटो हवा होता, म्हणून त्यांनी मला नेऊन दिलं. कुणीतरी माझ्या गळ्यात चंदनाचा हार अडकवला. झालं! त्या दिवसापासून आम्हा दोघांचा धंदा ठरला. त्यांनी मरायचं आणि मी टांगून घ्यायचं. चाळीस वर्षं हेच केलं. ते तापाने मेले, बुडून मेले, पोरांच्या काळजीने मेले. काही पिक्चरांत तर त्यांना बोलावलंच नाही, नुसतं मला बोलावलं. तेव्हा ते मला पिशवीत घालून स्वतः सेटवर पोचवायचे आणि दाराशी चहा पीत बसायचे. मला फार वाईट वाटायचं.

सरिताबाई नागपुरातच राहिल्या, नंदनवन नावाच्या वस्तीत. तिथल्या शाळेत त्या शिकवायच्या. नवऱ्याचा पहिला पिक्चर पाहायला गेल्या आणि गोळी लागल्याबरोबर "अरे, सोडा त्याईले!" असं ओरडून बाहेर पळाल्या. त्यानंतर त्यांनी नवऱ्याचा एकही पिक्चर पाहिला नाही.

मग प्रेमानंदांनी एक रीत पाडली. मरणाचा शॉट झाला की मेकअप पुसायच्या आधी घरी फोन करायचा.

"मेलो वं आज."

"बरं. जेवले का मंग?"

एवढंच बोलणं. पण ते झाल्याशिवाय दोघांनाही घास उतरत नसे. एकदा ते फोनवर म्हणाले, "सरिते, एक पिक्चर असा करीन, शेवटपर्यंत जित्ता राहीन. तो तुयासंग बसून पाहीन. शब्द देतो तुले." सरिताबाई हसल्या, पण तो शब्द त्यांनी मनात धरून ठेवला.

गेल्या वर्षी तसा पिक्चर आला. मुग्धा नावाच्या तरुण दिग्दर्शिकेने त्यांना मुख्य भूमिका दिली. एक म्हातारा घरातून रुसून निघतो, रामटेकच्या गडावर जाऊन बसतो आणि शेवटी घरी परततो. त्यात कुणी मरत नाही! शूटिंग रामटेकलाच होतं. प्रेमानंद मुंबईचं बिऱ्हाड कायमचं गुंडाळून नंदनवनात आले. मलाही आणलं. पण सरिताबाईंनी मला पाहताच हात मागे घेतला.

"हा हाराचा फोटो भिंतीवर नाही लागणार. जित्त्या माणसाले हार घालते काय कोणी?"

जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी मला कपाटावर ठेवलं. मी काही रुसलो नाही. खाली दोघं पहिल्यांदाच रोज एका ताटाशी बसत होते. भाजीत मीठ कमी, यावरूनही भांडत होते. ऐकून बरं वाटायचं.

शेवटच्या शॉटच्या दिवशी ते सकाळी गाडीत बसून गेले. दुपारी फोन वाजला. चंद्रभान होता, त्यांचा जुना मेकअपवाला. त्याचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला.

"वहिनी... दादा गेले."

"कोणत्या सीनमधी?" सरिताबाईंनी सहज विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला, तशा त्या चिडल्या. "काय सांगून राहिला तू चंद्रभान? या पिक्चरात तर ते मरत नाहीत ना! मले त्याईनं सांगतलं हाये."

चंद्रभान रडायला लागला. तरी त्या म्हणत होत्या, "दे त्याईले फोन. जेवले का, विचारते."

जेवायच्या सुट्टीत बसल्या जागी प्रेमानंदांचं हृदय बंद पडलं होतं.

घर माणसांनी भरलं. अंगणात बुद्धवंदना झाली. लोक हार घेऊन आले, फोटो कुठे आहे म्हणून विचारू लागले. सरिताबाई म्हणाल्या, "नाही हाये घरात."

काही दिवसांनी मुग्धा आली. बिचारीचा चेहरा उतरला होता. शेवटचा शॉट राहून गेला होता, म्हातारा घराचं दार उघडून आत येतो तो.

"काकू, दुसरा उपाय नाही. म्हातारा वाटेतच वारला, असं दाखवावं लागेल. त्यांचा तो हाराचा फोटो द्याल का?"

मी वर श्वास रोखून होतो. खरं सांगतो, मला जायचं नव्हतं.

सरिताबाईंनी कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्याईनं मले शब्द देला होता वं पोरी. त्याईले नको मारू. जिथपर्यंत ते जित्ते हायेत, तिथंच थांबव ना तुया पिक्चर."

मुग्धाने त्यांचे हात धरले आणि तसंच केलं.

पिक्चर लागला, तेव्हा सरिताबाईंनी मला थिएटरात नेलं आणि शेजारच्या खुर्चीत ठेवलं. पडद्यावर प्रेमानंद भांडले, रुसले, एकटेच गडावर बसले. शेवटी धोतर झटकून उठले, "चला, घरी वाट पाहत असतील," म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले. तिथेच पिक्चर संपला. "अर्धवटच ठेवला राजेहो," असं कुणीतरी मागून म्हणालं. लोक उठून गेले. सरिताबाई बसूनच राहिल्या.

आता मी समोरच्या खोलीत आहे, हार न घालता. दिवेलागणीला त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहतात आणि रोज एकच विचारतात.

"निघाले तर होते ना तुम्ही? मंग घरी पोचले काहून नाही?"

काय सांगू मी? माझ्यापुढे कितीतरी नट्या रडल्या, पण इतक्या वर्षांत मला बोलायला एक वाक्य कुणी दिलं नाही. तुम्हाला काही सुचत असेल, तर एकदा या नंदनवनात. तेवढं सांगा हो तिला.