तंबूची जागा कुणी निवडायची

आमच्या घरात तंबूची जागा दादा निवडायचा. इतरांनी मत द्यायचं नाही, आणि दिलंच तर ते कुणी विचारात घ्यायचं नाही. दरवर्षी सुट्टी लागली की दादा, वहिनी, मी आणि माझा नवरा गाडीत तंबू टाकायचो आणि जंगलातल्या एखाद्या तळ्याकाठी नाहीतर नदीकाठी जायचो. गाडी थांबली की दादा आधी उतरायचा, पाण्यापर्यंत चालत जायचा, काठावर सरळ उताणा पडायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. आम्ही सामान हातात धरून ताटकळत उभे. मनाला आलं तर म्हणायचा, "इथे." नाही आलं तर एक शब्द न बोलता परत गाडीत येऊन बसायचा, की निघाली आमची वरात पुढच्या पाण्याकडे. एकदा मी वैतागून विचारलं होतं, असं पडल्यावर तुला नेमकं कळतं काय? तर म्हणाला, "पाठीला कळतं. तुला नाही कळायचं, तू सारखी बोलत असतेस."

दादा सुतार आहे, दारं-खिडक्या करतो. दीड वर्षापूर्वी एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर खिडकी बसवताना तो परांचीवरून पडला. जीव वाचला, पण दोन्ही पाय लुळे पडले. दवाखान्यातून चाकाच्या खुर्चीत बसून घरी आला आणि त्याच आठवड्यात त्याने स्वतःच्या कामाच्या टेबलाचे पाय करवतीने कापून ते ठेंगणं करून घेतलं. काम सुरू झालं. पण घरातून कारखान्यात आणि कारखान्यातून घरात, एवढंच त्याचं जग उरलं. कुणाच्या लग्नाला नाही, कुणाच्या घरी नाही, बाजारात नाही. तंबू माळ्यावर धूळ खात पडला होता.

यंदा सुट्टीच्या तोंडावर जेवताना मीच विषय काढला. वहिनीने टेबलाखालून मला चिमटा काढला, पण तोवर बोलून झालं होतं. दादा पाणी प्यायला, त्याने ग्लास ठेवला आणि म्हणाला, "येईन."

वहिनीने त्याला न मागता आणखी भात वाढला.

"पण मला कुणी उचलायचं नाही," तो म्हणाला. "गाडीतून खुर्चीत माझा मी बसतो, तसा पाण्यापर्यंतही माझा मी जाईन. ज्या घडीला कुणी मला पोत्यासारखं उचललं, त्या घडीला मी घरी. मग तो तंबू मास्तरांच्या शाळेला देऊन टाका. मुलांच्या तरी उपयोगी पडेल."

मास्तर म्हणजे माझा नवरा. तो शाळेत भूगोल शिकवतो आणि ओळखीच्या रस्त्यावरही चुकतो.

भांडी घासताना वहिनी हळूच म्हणाली, "एवढ्या दिवसांत 'येईन' म्हणायची ही यांची पहिलीच वेळ आहे बघ. आता तिथे जाऊन फजिती झाली तर हे पुन्हा उंबऱ्याबाहेर पडायचे नाहीत. मी ओळखते ना यांना." ती पोस्टात पार्सलं वेगळी करते, दिवसभर वजनं उचलते. नवऱ्याला उचलू नकोस म्हटल्यावर तिला काय वाटलं असेल ते तिने सांगितलं नाही. मी म्हटलं, "जागा मी बघते. तू काळजी करू नकोस."

मी शिवणकाम करते. घरात मला 'कात्री' म्हणतात. धंद्यामुळे म्हणतात असं मी सांगते, जिभेमुळे म्हणतात असं बाकीचे सांगतात. माझ्या दुकानात एक नियम आहे. अंगावर माप घेतल्याशिवाय मी कापडाला हात लावत नाही. गिऱ्हाइकं गळ घालतात, बहीण अगदी माझ्याएवढी आहे हो, माझंच माप घ्या. मी सांगते, बहिणीला घेऊन या. तेव्हा या कामातही मी फोनवरच्या गोडगोड बोलण्यावर विसंबणार नव्हते. दवाखान्यातून पहिल्यांदा मिळालेली जुनी, जड चाकाची खुर्ची वहिनीने दादाच्या नकळत माळ्यावरून काढून दिली. ती गाडीत टाकून मी आणि मास्तर निघालो. ठरवलंच होतं, प्रत्येक ठिकाणी त्या खुर्चीत मी स्वतः बसणार आणि गाडीपासून पाण्यापर्यंत स्वतःच्या हातांनी जाणार.

पहिल्या जागेच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सर्वांसाठी सोयीस्कर'. उताराचा सिमेंटचा रस्ता खरोखरच होता. तो जाहिरातीतल्यासारखा थेट कार्यालयाच्या दारात गेला आणि तिथेच संपला. पुढे पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या. मी व्यवस्थापकाला विचारलं, "सोय पैसे भरण्यापुरतीच का?" तो म्हणाला, "मदतीला आमची माणसं आहेत ना. दोघं मिळून अलगद उचलतात." मी खुर्ची तिथल्या तिथे वळवली.

दुसरी जागा म्हणजे जंगलाच्या पोटात लपलेलं एक लांबट तळं. गाडीतून उतरल्याबरोबर ओल्या मातीचा आणि सालींचा वास आला आणि माझा जीव तिथे जडला. पलीकडून एक ओढा तळ्यात येत होता, त्याचा आवाज झाडांतून ऐकू येत होता. पण वाट होती ती साधी पायवाट. आधी चढ, मग मुळं, मग उतार. मी चढावर अर्ध्यात पोचले आणि चाकं मागे यायला लागली. जोर लावला तर तळहात सोलले. एका मुळापाशी खुर्ची अशी अडकली की पुढेही जाईना आणि मागेही येईना. मास्तर बाजूला उभा राहून हसत होता, कारण मीच त्याला हात लावू नको म्हणून बजावलं होतं.

तेवढ्यात तिथली राखणदार बाई झाडू घेऊन आली आणि त्याच्यावर कडाडली. "बायको घामाघूम झालीय आणि तुम्ही दात काढताय? जरा लाज वाटू द्या."

आता उठून उभं राहावं आणि खरं काय ते सांगावं, तर मलाच ओशाळं वाटलं. मी गप्प बसून राहिले. मास्तरने मला मुकाट्याने ढकलत गाडीपर्यंत आणलं आणि बाई बघत होती म्हणून उचलून आत बसवलं. काठ नुसता चढावरून, लांबून बघितला होता. तिथेही पाण्याच्या अलीकडे हातभर उंचीचा मातीचा उतार होताच. मी मनावर दगड ठेवून त्या जागेवर फुली मारली.

तिसरी जागा नदीकाठी. गाडीतळापासून पाण्यापर्यंत गुळगुळीत फरशी, दोन्ही बाजूंना कठडा, चढ नाही की खड्डा नाही. मी एका दमात पाण्याशी पोचले. मास्तर म्हणाला, "जरा दवाखान्याच्या बोळासारखं वाटतं, नाही?" मी म्हटलं, "तुम्ही रस्ता तेवढा शोधा, बाकीचं मी बघते." जागा पक्की करून टाकली. घरी येताना मी एवढी खुशीत होते की शेजारणीची अडलेली ब्लाउजंही त्याच संध्याकाळी बेतली.

सुट्टी लागली आणि आम्ही चौघं नदीवर गेलो. दादा गाडीतून त्याच्या नव्या, हलक्या खुर्चीत बसला, सरसर चाकं फिरवत फरशीवरून कठड्यापाशी गेला. अंगाला घामाचा थेंब नाही. नदी तिथे दोन भिंतींमधून शिस्तीत वाहत होती. झाडं होती, पण एका रांगेत लावलेली. दादाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

वहिनीने खाली बघितलं. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, दुसऱ्या सुताराने केलेलं डुगडुगतं कपाट दाखवलं की दादा म्हणतो, चांगलं आहे.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आणखी कुठे बघितलंस?"

"तुझ्याजोगतं दुसरं नव्हतं."

"ते तळं काय वाईट होतं?" मास्तर बोलून गेला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तोंड मिटलं, पण बाण सुटला होता. दादाने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"कुठलं तळं?"

मग सगळं सांगावं लागलं. माळ्यावरची खुर्ची, चढ, मुळं, राखणदार बाई. सोललेल्या तळहातांवर अजून खपली धरत होती, तेही दाखवले. मला वाटलं, आता याला माझं कौतुक वाटेल. दादाने माझे हात नीट बघितले, मग आपले दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. रंध्याने पडलेले जुने घट्टे होते आणि त्यांच्यावर चाकांनी पडलेले नवे. मनगटं तर माझ्या दंडाएवढी झाली होती.

"लोकांचे कपडे त्यांच्या मापाने शिवतेस ना, कात्रे?" तो म्हणाला. "मग माझी जागा तुझ्या मापाने कशी बेतलीस?"

बहिणीला घेऊन या म्हणून गिऱ्हाइकांना परत पाठवणारी मी, भावाला मात्र घरी ठेवून त्याचं माप घ्यायला गेले होते. शिंपिणीने याहून मोठी चूक काय करायची? मला रडू आलं आणि रागही आला, आणि तो माझा मलाच आला होता.

"तिथे खरंच अवघड आहे रे," मी कशीबशी म्हणाले. "नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर मी ठरवीन की नाही जमलं. तेवढं तरी माझ्याकडे ठेवा." मग जरा नरम होऊन म्हणाला, "मास्तर, रस्ता आठवतो का, की दुसऱ्याच तळ्यावर नेणार?"

त्या दिवशी मास्तर चुकला नाही. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं तेव्हा आम्ही तळ्यावर पोचलो. मी दार उघडून खाली उतरले तर समोर राखणदार बाई. तिने मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं.

"अगं बाई, पाय बरे झाले वाटतं."

"हो, पण माझं बघून भावाला लागण झाली," मी म्हटलं. दादा खुर्चीत बसताना एवढा हसला की पडता पडता राहिला. इतक्या दिवसांत त्याचं ते हसणं मी ऐकलं नव्हतं.

मग तो चढाला लागला. आम्ही तिघं सामान घेऊन मागे. वहिनीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली. मधेच चाकं मागे सरकली तेव्हा तिचं पाऊल आपोआप पुढे पडलं, पण तिने ते मागे घेतलं. दादा थांबला, दम खाल्ला, पुन्हा लागला. मी अडकले होते त्या मुळापाशी आला. अरुंद जिन्यावरून कपाट चढवताना सुतार आधी नुसतं बघत उभा राहतो, तसा तो बघत राहिला. मग त्याने खुर्ची तिरकी केली, एक चाक आधी चढवलं, अंगाचा भार पुढे टाकला आणि दुसरं चाक मागून आणलं. मी सरळ धडका मारत बसले होते. सदरा पाठीला चिकटला होता, मान लाल झाली होती, पण तो उताराला लागला.

काठाशी हातभर मातीचा उतार होता, तिथे चाकांचं काही चालणार नव्हतं. दादाने खुर्ची थांबवली, चाकांना अडसर लावला. झालं, मला वाटलं, आता परत फिरणार. वहिनीने डोळे मिटून घेतले.

दादाने दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले आणि तो हळूच जमिनीवर उतरला. पाय हातांनी धरून पुढे ठेवले. मग हातांवर रेटा देत, बुडावर बसून घसरत तो खाली गेला. लहानपणी आम्ही दोघं मातीच्या ढिगावरून असेच घसरायचो आणि आईच्या हातचा मार खायचो. विजारीचा सत्यानाश झाला. त्याने बूट काढले, पाय उचलून पाण्यात ठेवले. पायांना काही कळत नव्हतं, म्हणून त्याने शेजारी हात बुडवला.

"गार आहे," तो म्हणाला, पायांना सांगावं तसं.

मग तो काठावर सरळ उताणा पडला आणि त्याने डोळे मिटले. आम्ही सामान हातात धरून उभे. ओढ्याचा आवाज येत होता. जन्मात पहिल्यांदा मला एक शब्द बोलावासा वाटला नाही.

"इथे," दादा म्हणाला.

वहिनी मटकन खाली बसली आणि तोंडावर पदर न घेता, उघड उघड रडली. मास्तरने तंबूची पिशवी उघडली आणि खुंट्या शोधायचं नाटक केलं. मी घसरत दादापाशी गेले, माझ्याही कपड्यांची पर्वा केली नाही, आणि त्याच्याशेजारी पडले. पाठीला गार, ओलसर माती लागत होती आणि तिच्याखाली कुठेतरी मूळ होतं.

"कळलं काही?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"थोडंसं."

"गप्प राहिलीस म्हणून." त्याने डोळे उघडून मागच्या उताराकडे बघितलं. मग म्हणाला, "एक सांगतो. खाली यायला जमलं, पण हा चढ हातांनी चढणं काही माझ्याच्याने व्हायचं नाही. वर जाताना मला उचला."

मी उठून बसले. "मग तुझी अट?"

"अट येण्यापुरती होती," दादा म्हणाला. "आलो ना माझा मी? आता मी सांगतोय, उचला. पण तुझ्या वहिनीला पुढे राहू दे, तिला वजनाची सवय आहे. आणि आत्ता नको. आधी चहा होऊ दे."