पदरावरचा माइक

मी कॉलर माइक बोलतोय. ज्याच्यासमोर उभे राहून लोक घसा खाकरतात तो स्टेजवरचा दांडगा माइक नव्हे. बोराएवढा, चिमट्याचा, शर्टाच्या बटणाशी नाहीतर साडीच्या पदराला लावतात तो. माझं काम ऐकायचं. ऐकलेलं बरं की वाईट हे ठरवायचं काम मला कुणी दिलेलं नाही, आणि मीही ते मागितलेलं नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पहिली आठवण दुर्ग शहरातली. लग्नाचे व्हिडिओ काढणारा धनंजय माझा पहिला मालक. त्यानं मला नवरदेवांच्या शेरवान्यांना लावून पुष्कळ हिंडवलं. मुंडावळ्यांआडून नवरदेव काय काय पुटपुटतात ते मी सांगितलं तर निम्मे संसार मोडतील, म्हणून ते राहू द्या. पुढं धनंजयनं नवं सामान घेतलं आणि मला भिलाईतल्या आनंदला देऊन टाकलं.

आनंदचे वडील प्लांटमध्ये अधिकारी होते. यानं मात्र पोलादाचा नाद सोडून सुपेला बाजारात, कुकर दुरुस्तीच्या दुकानाच्या वर, सॉफ्टवेअरचं ऑफिस थाटलं. ऑफिस कसलं, चार टेबलं आणि एक कुरकुरणारा कूलर. त्याला दुर्गच्या एका खासगी दवाखान्याचं काम मिळालं होतं. पेशंटला घरबसल्या डॉक्टरची वेळ घेता यावी, असं अॅप करायचं होतं.

अॅप सोपं झालं की नाही, हे बनवणाऱ्याला कधीच कळत नाही. म्हणून साध्या माणसांना समोर बसवायचं, मोबाईल हातात द्यायचा आणि सांगायचं की वापरून बघा, मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. समोर कॅमेरा, अंगावर मी, आणि माणूस कुठं अडतो ते टिपायचं. ही चाचणी ऑफिसातली नूतन घ्यायची. पोरगी नेकीची. प्रत्येकाला आधी समजावून सांगायची की परीक्षा तुमची नाही, अॅपची आहे. तुमचं नाव कुठं येणार नाही, फक्त नंबर येईल. नको वाटलं तर मधूनच उठा.

पण माणसं आणायची कुठून? ती सरळ आपल्या आईकडे गेली. तिची आई वसुंधराबाई मराठी भजनी मंडळ चालवायची. मंडळात प्लांटच्या बाबूंच्या आणि चरोद्याच्या रेल्वेवाल्यांच्या घरच्या बायका, सगळ्या विदर्भाकडच्या, एकमेकींच्या नातवंडांची बारशी जेवलेल्या. आईनं एक फोन फिरवला आणि नूतनचं काम झालं. इथंच ती चुकली होती, पण तेव्हा तिला वाटलं, फारच सोय झाली.

चौथा नंबर कांताबाईंचा. नवरा पुंडलिकराव चरोदा यार्डातून गार्ड म्हणून रिटायर झालेले. मंडळात अभंग उचलायचा तो कांताबाईंनीच. नूतननं मला त्यांच्या पदराला लावलं आणि सांगितलं, "काकू, खोटं नाव टाका आणि खोटाच एखादा आजार निवडा."

नाव त्यांनी चटकन बदललं. आजारापाशी मात्र बोट थांबलं.

"नसलेला आजार कावून लिवू माय? लिवला का तोच लागते."

अशुभ बोलू नये, लिहू तर नयेच, हे त्या घरोघरचं शास्त्र. नूतन हसली आणि म्हणाली, बरं, तुम्हाला वाटेल ते निवडा. मी त्यांच्या छातीशीच होतो, तिथली धडधड मला साफ ऐकू येत होती. बोट खाली खाली गेलं आणि 'मनोविकार' या शब्दावर थांबलं. मनातलं बोलत राहा असं सांगितलेलं, म्हणून त्या बोलत राहिल्या.

"याच्यासाठीच मले नागपूरले जा लागते. सारे समजतात, बहिणीकडे गेली. मधात वर्षभर मी घराबाहेरच नाही निघाली. आता कुठं भजनाले येऊन राहिली. इथं जवळ डॉक्टर भेटला तर बरंच होईल. पण दवाखान्यात त्या टीव्हीवर नाव येते का, सगळ्याइच्या समोर?"

नाव येत होतं. नावापुढं विभागही येत होता. नूतननं तसं खरं सांगितलं. कांताबाईंनी मोबाईल टेबलावर ठेवला.

"हे कोणी ऐकन का?" त्यांनी विचारलं.

"तुमचं नाव कुठंच येणार नाही काकू," नूतन म्हणाली.

विचारलं एक होतं आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं होतं. दोघींच्याही ते ध्यानात आलं नाही.

आनंदनं ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. सोमवारी दवाखान्याच्या लोकांना हेच दाखवायचं, म्हणाला. दवाखान्याच्या बाजूनं रिसेप्शन सांभाळणारी अनुजा येणार होती, आणि ती याच भजनी मंडळात टाळ वाजवायची. नूतनला हे ठाऊक होतं, म्हणून तिनं चेहरा धुरकट करण्यात सगळी दुपार घातली. खोटं नावसुद्धा कापलं.

"चेहरा ब्लर है, नाम कट है. आता कोण ओळखतं?" आनंद म्हणाला. नूतनलाही ते पटलं.

शेवटचं एकदा तपासून बघावं म्हणून तिनं ते लावलं. मी तिथंच वायरींच्या गुंत्यात पडलो होतो. इतक्यात वसुंधराबाई लेकीचा डबा घेऊन जिना चढून आल्या. स्क्रीनची पाठ दाराकडे होती, त्यांना काहीच दिसत नव्हतं. दारात चप्पल काढता काढता त्या म्हणाल्या, "कांता आली का वं? अन् कशासाठी जा लागते तिले नागपूरले?"

नूतननं लॅपटॉप मिटला. तिचा चेहरा पार उतरला. वसुंधराबाईंनी लेकीकडे पाहिलं, डबा ठेवला आणि पुढं काही न विचारता आल्या पावली परत गेल्या.

मग नूतन आणि आनंदची जुंपली. आनंद म्हणाला, आवाज जाड करून टाकू. नूतन म्हणाली, आवाज बदलशील, बोलणं कसं बदलशील? नागपूर, बहीण, भजन, सगळी कांताकाकूच आहे त्यात. आनंदचं म्हणणं, दवाखानेवाल्यांना नुसतं सांगून पटत नाही, ऐकवावं लागतं.

"मग मी काकूंना विचारते," नूतन म्हणाली.

"त्या नाही म्हणतील."

"म्हणूनच विचारायचं."

कांताबाई दुसऱ्या दिवशी आल्या. नूतननं काही लपवलं नाही. आईनं ओळखलं, तेही सांगितलं. वसुंधरानं काय ऐकलं, एवढंच कांताबाईंनी विचारलं. नागपूरपर्यंत, नूतन म्हणाली.

"पुसून टाक. माह्या समोर."

नूतननं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि बटण त्यांनाच दाबू दिलं.

सोमवारी तिनं दवाखानेवाल्यांना स्वतःच्या शब्दांत सांगितलं की टीव्हीवर नाव आणि विभाग दिसला तर लोक दाराशी येऊन परत फिरतील. कोण म्हणालं, असं त्यांनी फिरून फिरून विचारलं. तिनं सांगितलं नाही. पुष्कळ घासाघीस झाली आणि अखेर टीव्हीवर नावाऐवजी टोकन नंबर आला. आनंद दोन दिवस घुश्शात होता.

त्यानंतर ऑफिसात आवाज टिपणं बंद झालं. मी खणात, सुकलेल्या पेनांच्या संगतीत पडून राहिलो. एक दिवस वसुंधराबाईंनी मला मागून नेलं, आणि आता मी भजनी मंडळाचा आहे.

मंडळात कांताबाईंची जागा मोकळीच असायची. त्या पुन्हा घरात बसल्या की काय, ही धास्ती वसुंधराबाईंच्या चेहऱ्यावर मला दिसायची. पण त्यांनी कुणाकडे विषय काढला नाही.

एवढं ऐकलंच आहे तर माझी एक विनंतीही ऐका. मला कुणाच्या पदराला लावाल तेव्हा नाव येणार नाही एवढ्यावर भागवू नका. कोण ऐकणार, ते सांगा. मग विचारा.

परवाच्या गुरुवारी कांताबाई आल्या. वसुंधराबाई मला घेऊन पुढं झाल्या, तर कांताबाईंनी पदरावर हात ठेवला. मला ओळखलं असावं. वसुंधराबाईंनी आग्रह केला नाही. त्या दिवशी अभंग माझ्याविनाच झाला आणि चांगला झाला.

बाकीच्या बायका गेल्या. दोघी सतरंजीची घडी घालत होत्या. घडी अर्धी झाली आणि कांताबाई म्हणाल्या, "वसुंधरा, तुले एक सांगाचं होतं."

वसुंधराबाईंनी सतरंजी खाली ठेवली. मला उचललं, हार्मोनियमच्या खोक्यात घातलं आणि वरून झाकण लावून कडी घातली.

पुढं कांताबाई काय बोलल्या, मला ठाऊक नाही.