निघण्याआधी बसायचं बाकडं

मी एक जुनं बाकडं आहे आणि माझ्या पायावर पैज लागली होती. मित्रांनो, हसू नका. पैज लावणारे दोघं शेजारी. बोगुश हा पोलंडच्या सरहद्दीवरच्या आमच्या शाळेचा शिपाई. त्याच्या शेजारच्या खोलीत ग्विलिम राहायचा. तो वेल्सहून युक्रेनच्या निर्वासितांना मदत करायला आलेला.

"सोलोमियाचा व्हिसा यायच्या आधी या बाकड्याचा पाय मोडतो बघ," बोगुश म्हणाला.

"व्हिसाच आधी येणार. हरलास तर बायकोचा फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधून बाजारात फिरायचं," ग्विलिम म्हणाला.

"आणि तू हरलास तर तूही माझ्याच बायकोचा बांध."

चिमुकली सोलोमिया आणि तिची आई झोर्याना युक्रेनच्या खारकिव शहरातून पळून आमच्या शाळेत आलेल्या. आईचा इंग्लंडचा व्हिसा केव्हाच आला होता, पोरीचा अडकलेला. ग्विलिम रोज व्हिसाच्या कचेरीला फोन लावायचा आणि तिकडून नुसतं संगीत वाजायचं.

मी ओकच्या लाकडाचं. एके काळी पोरं माझ्यावर बसून बूट बांधायची. चहाडखोर बसला की मी हळूच कुसळ टोचायचं. पुढे मला अडगळीत टाकलं. मग युद्ध पेटलं, व्यायामशाळेत खाटा पडल्या आणि मला बाहेर काढलं. युक्रेनच्या माणसांची रीतच आहे, प्रवासाला निघताना सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं, मगच उठायचं. जाणारा प्रत्येक जण माझ्यावर बसला. त्यांची थरथर माझ्या लाकडात उतरायची.

एका दुपारी शेजारच्या बंबखान्याचा भोंगा वाजला. कुठेतरी गवत पेटलं होतं, पण या लोकांना भोंगा म्हणजे बॉम्ब. सोलोमिया माझ्याखाली घुसली. वर घाबरलेल्या बायका आदळल्या. माझा पाय कडाडला, मोडायलाच आला. मित्रांनो, इतकं मी कधी घाबरलं नव्हतं. खाली पोरगी, आणि मी तिच्यावर कोसळणार!

बोगुश धावत आला आणि त्याने मला खालून खांदा दिला.

"अरे, जिंकत होतास की," ग्विलिम म्हणाला.

"तोंड बंद कर आणि खिळे आण."

दुसऱ्या दिवशी झोर्यानाने बोचकं बांधलं. "घाबरायचंच आहे तर खारकिवला, आपल्या घरात घाबरते."

"ताई, तुमच्या गल्लीत परवाच बॉम्ब पडलाय," ग्विलिम म्हणाला.

"ठाऊक आहे. पण दादा, तुमच्या फोनमधलं ते संगीत मला आता झोपेतही ऐकू येतं."

सगळे माझ्यावर बसले, गप्प. समोरच्या स्टेशनात युक्रेनकडे जाणारी गाडी उभी. झोर्याना उठली. मला तर एकच खोडी येते. बोगुशच्या खिळ्याचं डोकं वर आलं होतं. त्यात मी तिचा स्वेटर पकडला.

"थांबा, उसवेल!"

"कसले खिळे मारतोस रे?" ग्विलिम खेकसला. बोगुश गुडघ्यांवर बसून लोकर सोडवत राहिला. शिट्टी झाली, गाडी गेली. झोर्याना माझ्यावर बसून रडली. मला वाटलं, माझ्या खोडीने पोरीचं वाटोळं केलं.

पुढच्या गाडीआधी ग्विलिमचा फोन वाजला. तो ऐकत राहिला आणि जमिनीवरच बसला. "पोरीचा आला."

त्या मायलेकी विमानतळाकडे निघाल्या, तेव्हा पुन्हा माझ्यावर बसल्या. या वेळी मी कुणालाही धरलं नाही.

मित्रांनो, घाबरलेलं कुणी शेजारी येऊन बसलं तर त्याला घाईने उठवू नका. जुन्या बाकड्याला वेळेवर खिळा मारा, पण त्या खिळ्याचं डोकं जरा वर राहू द्या.

शनिवारच्या बाजारात बोगुश फुलाफुलांचा रुमाल बांधून निघाला. मागे ग्विलिम, आणि त्याच्या खांद्यावर मी, साक्षीदार म्हणून.

"मावशी, कोबी घ्या," कोबीवाली म्हणाली.

"ताजा आहे का गं?" बोगुशने पदर सावरल्यासारखा रुमाल सावरत विचारलं.