दोन काट्यांवरची दीप्ती

“बाळाचं वजन एकाच काट्यावर करत जा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी मान हलवली आणि सोडून दिलं. बी.एस्सी. झालेल्या बाईला किलो म्हणजे किलो, कोल्हापुरात काय आणि हुपरीत काय.

माहेरी, कोल्हापुरात, गल्लीतल्या दवाखान्यात दीप्तीचं वजन दर खेपेला वाढायचं. सासरी हुपरीला आले, अंगणवाडीतल्या काट्याच्या झोळीत तिला टांगलं, तर आठवड्यात अर्धा किलो गायब. मला तिचं मनगटही बारीक दिसायला लागलं.

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. “पोरगी खाती, हसती. काटा रडतोय, तू का रडतीस?”

आमच्या घरी पैंजणं होतात. चांदी डाग द्यायला, म्हणजे जोडकामाला, दुसऱ्या घरी जायच्या आधी एकच लगड दोन्ही घरच्या काट्यांवर ठेवतात. आकडा जुळला तरच चांदी हलते. ह्याला काटा मिळवणं म्हणतात. लग्न झाल्यापासून बघत होते.

“दोन किलोची लगड द्या,” मी नवऱ्याला म्हटलं. “अंगणवाडीत न्यायचीय.”

“नाव घालायचं हाय व्हय तिचं?” अतुल म्हणाला. पण चांदी एकटी जात नाही, म्हणून तोही निघाला.

लगड दुपट्यात गुंडाळून झोळीत ठेवली. अंगणवाडीच्या बाळाबाईंनी सवयीनं विचारलं, “अंगावर पितंय न्हवं?” काटा बरोबर दोनवर.

मग एस.टी.नं कोल्हापूर. दवाखान्याचा काटा रिकामा असताना शून्यावरच होता, म्हणून कुणाला शंका नव्हती. लगड ठेवली, तर दीडशे ग्रॅम जास्त.

“ताई, काटा गोड बोलतोय,” कंपाउंडर आकाराम म्हणाला. “आया खूश हून जात्यात की.” तरी त्यानं तो उचलून कपाटावर ठेवला.

दोन किलोला दीडशे, म्हणजे दीप्तीच्या साडेसहा किलोला जवळजवळ अर्धा किलो. जुने आकडे त्या प्रमाणात कमी केले. दीप्ती घटली नव्हती. सावकाश का होईना, वाढतच होती. डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं.

मग माहेरच्या शेजारणीचा, ललिताचा धम्मपाल आठवला. त्याचं वजन फक्त त्याच काट्यावर व्हायचं. बरगड्या दिसायच्या, पण “बसतंय की रेषेत,” असं वाढीच्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणत आकाराम त्याला परत द्यायचा. दवाखान्याच्या वहीतला त्याचा आकडा तसाच कमी केला, तर तो रेषेच्या बराच खाली जातो.

ललिता आता गारगोटीला असते, नवऱ्याची बदली झालीय. तिच्या शेजारच्या दुकानातल्या फोनवर दोनदा निरोप ठेवला. उत्तर नाही.

तुमचं कुणी गारगोटीला असेल, तर ललिताच्या नवऱ्याचं, शाळेतल्या भाऊसो कांबळे मास्तरांचं घर विचारा. धम्मपालला दुसऱ्या काट्यावर ठेवायला लावा. तो तुम्हाला बघून हसेल, सगळ्यांनाच हसतो. तेवढ्यावर परत येऊ नका.