खोट्या हुकुमावर वाढलेला तंतू

मित्रांनो, मी एक जुना तंतू आहे. जुना म्हणजे चार दिवसांचा. आमच्यात बहुतेकांना मिनिटाभरात म्हातारपण येतं. चामोर्शीपलीकडच्या नीलाबाईच्या आतड्यात, एका पेशीच्या पडद्याला लागून मी वाढलो. अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे कण एकापुढे एक जुळत गेले, तोच मी.

आमच्यात मनमानी चालत नाही. पडद्याशी एक हुकमी प्रथिन बसलेलं असतं. निरोप आला की ते फांदीवाल्या प्रथिनाला उठवतं. हा फांदीवाला माझ्या अंगातून नवी फांदी काढतो आणि फांदी पडद्याला रेटा देते. पुरे झालं की टोपणवाला टोकावर टोपण बसवतो, वाढ बंद! या शिस्तीचा मला गर्व होता. चुलीत गेला तो गर्व.

अठ्ठ्याण्णवचा मे महिना. नीलाबाई तेंदूपत्त्याच्या, म्हणजे बिडीच्या पानांच्या, फडावर होती. पाण्याचा टँकर देतो, असं सांगून ठेकेदाराच्या मुन्शीने सगळ्यांना आणलं होतं.

"मुन्शीभाऊ, टँकर कुठी हाय?"

"येते ना बाई! तवर नाल्याचं पी. जंगलातल्या पोटाले काय होते?"

हे बोलून तो स्वतःच्या कॅनचं पाणी गटागटा प्यायला.

नाल्यातून रक्ती हगवणीचे जंतू आले. एक आमच्या पेशीत घुसला. त्याच्या बुडाला खोटा शिक्का होता. तो पाहून आमचं हुकमी प्रथिन त्यालाच जाऊन चिकटलं. फांदीवाला उठला, आम्ही भराभर वाढलो आणि त्या चोराला ढकलत शेजारच्या पेशीत पोचवलं. ज्याच्या शब्दावर वाढलो, त्यानेच विकलं आम्हाला!

नीलाबाईला रक्त पडू लागलं. जीभ कोरडी, डोळे खोल. आणि नवरा धनराज पाणी देईना. "पाणी देल्लं का अजून हगवण लागते," हाच हेका. शेवटी पोरगी, रंजीता, धावत जाऊन नर्स फरहतबाईंना घेऊन आली.

"धनराजभाऊ, मोहफुलासारखी वाळवून राह्यले का बाईले?"

नीलाबाई पुटपुटली, "मले मडकं समजते हा. गळते म्हणून भरतच नाई."

धनराज मान खाली घालून उठला. त्यानेच मीठ-साखरेचं पाणी कालवलं. नर्सने दिलेली गोळी गिळून नीलाबाई ते घोटघोट प्यायली.

ती जगेल. आमची पेशी मात्र गळून पडते आहे, माझे कण सुटताहेत. म्हणून सरळ सांगतो, मित्रांनो. हगवण लागलेल्याचं पाणी तोडू नका. आणि कुणी तुम्हाला नाल्याचं पाणी प्यायला सांगितलं, तर पहिला गिलास त्याच्या हातात द्या.